पुलाची खालची बाजू

वरून तो पूल वाटतच नाही.
रस्ता जरासा उचलतो,
बैलांना कळत असेल तेवढाच चढ,
आता रिक्षावाला गिअरही बदलत नाही.
एका टोकाला पंक्चरवाला, दुसऱ्याला शहाळ्यांची गाडी,
कठड्यावर कुणाच्या तरी दोन गोधड्या वाळत.
पुलाचं नाव विचारलं
तर म्हणतात, कुठला पूल?

खाली उतरायला लोखंडी शिडी, तिच्या तीन पायऱ्या गेलेल्या.
ओहोटीचे दीड तास मिळतात.
कमरेला दोर, हातात अर्ध्या किलोचा हातोडा.
धारप साहेबांनी शिकवलं होतं,
पूल कानांनी तपासायचा, पोरी.
चांगला दगड टणकन बोलतो,
आतून सुटलेला नुसता बद्द.

काळा दगड, पाचरीसारखा घडवलेला,
वर रुंद, खाली निमुळता.
दर्शनी ओळीत एक्केचाळीस. मी खडूने आकडे टाकत गेले.
वीस या काठावरून चढलेले, वीस त्या काठावरून
आणि मधे तो एक,
ज्याच्यासाठी चाळीसजण अडून बसले होते.

तो बसेपर्यंत कमान ही कमान नसते,
सागाच्या साच्यावर रेललेलं ओझं असतं.
मग खालून पाचरी ठोकून सैल करतात,
साचा बोटभर उतरतो,
आणि सगळे श्वास धरून वर बघतात.
जुन्या दप्तरात त्या दिवसाची एकच ओळ आहे:
साचा काढिला. कमान पाऊण इंच बसली.

पाऊण इंच.
लग्नघरातून आल्यावर माणूस खुर्चीत बसतो, तेवढं.

त्याच दप्तरात ठेकेदार एदलजींची सही आहे,
गुळाचा हिशोब आहे, चुन्यात कालवायला,
बेलफळं आहेत, ताग आहे,
आणि मुंगळ्यांमुळे तूट, तीन शेर.
(मुंगळे कसले. कामावरची पोरं असणार.)
पाथरवटांची नावं नाहीत.

पण सव्विसाव्या दगडाच्या पोटावर
छिन्नीच्या तीन रेघा, कोंबडीच्या पावलासारख्या.
मजुरी दगडामागे, म्हणून ज्याची त्याची खूण.
मग मी काम सोडून खुणाच मोजत बसले.
कोंबडी सतरा, अर्धा चंद्र तेरा, फुली दहा.
आणि चावीच्या दगडावर
चंद्र आणि कोंबडी, एकावर एक.
भांडण झालं असेल.
किंवा त्याच्या उलट काहीतरी.

नरसय्या बॅटरी धरून उभा होता.
म्हणाला, असली खूण आमच्या घरच्या पाट्यावर होती.
हीच?
हीच नाही, म्याडम. असली.

उत्तरेकडून पूल वेगळाच आहे.
ट्रक आले तेव्हा रस्ता रुंद केला,
दगडाला काँक्रीटची पट्टी चिकटवली.
वरून डांबराने सगळं एक केलंय,
खालून सांधा दिसतो,
एका वाक्यात दोघांचं हस्ताक्षर असावं तसा.
तरुण बाजू आधी म्हातारी झाली.
सळया फुगल्या, पोपडे सुटले,
तिथे हातोडा मारला की बद्द, बद्द, बद्द.
सांध्यात उंबराचं रोप.
ओढून उपटू नये, मुळं आत गेली आहेत,
हे अहवालात लाल शाईने लिहायचं.

फॉर्मवर रकाने आहेत.
पुलाचे नाव: रिकामं.
दगडी भाग: ठीक.
जोडभाग: तातडीने.
शिफारस?
आधीच्या माणसाने पेन्सिलीने लिहिलंय, संपूर्ण पाडून नवा बांधावा,
आणि नंतर खोडलंय. पण पुरतं नाही.

इतक्यात वरून पाण्याचा टँकर गेला.
गडगडाट दगडांतून उतरत
एक्केचाळिसांतून वाटला जाऊन
दोन्ही काठांच्या मातीत गेला.
मला फक्त चिमूटभर चुना मिळाला,
चेहऱ्यावर, ओठांवर.
नकळत जीभ फिरली.
खारट.
गूळ कुठे गेला कोण जाणे.

म्याडम, नरसय्या म्हणाला, पाणी.
बुटात शिरलंच होतं.